सक्तीचे अवतरण आणि मराठवाड्याची भूमी : नांदेड-लातूर परिसराच्या हवाई इतिहासाची एक बाजू

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासलेखनात रेल्वे, रस्ते आणि पाटबंधारे यांना जे स्थान मिळाले, ते हवाई वाहतुकीला मिळालेले नाही. या विषयावर जे थोडेफार लेखन होते, ते विमानतळाचे उद्घाटन, विमानसेवेचा प्रारंभ किंवा खंड आणि मान्यवरांचे आगमन-प्रयाण एवढ्यापुरतेच मर्यादित राहते. विमानाला नेमलेल्या ठिकाणी पोहोचता आले नाही, तर ते वाटेत कोठे उतरेल, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः विमानविद्येच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न हाच होता. इंजिन बंद पडल्यामुळे अथवा त्याची शक्ती घटल्यामुळे मिळेल त्या जागेत विमान उतरविणे भाग पडते, तेव्हा वैमानिक त्यास 'फोर्स्ड लँडिंग' म्हणतात. येथे त्यासाठी 'सक्तीचे अवतरण' असा शब्दप्रयोग केला आहे.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हवाई वाहतुकीसाठी ज्या जागा तयार झाल्या, त्या वाटेवरच्या विमानाच्या अडचणीतून तयार झालेल्या नाहीत. राज्यकर्त्यांच्या आणि शासनयंत्रणेच्या आगमनाच्या गरजेतून त्या घडल्या. या घडणीचे परिणाम २५ मे २०१७ रोजी निलंगा येथे झालेल्या अपघाताच्या संदर्भात तपासून पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

इंजिनावरील अविश्वास आणि मैदानांची साखळी

पहिल्या महायुद्धानंतर दूर पल्ल्याच्या टपाल उड्डाणांना प्रारंभ झाला, तेव्हा विमानाचे इंजिन वाटेत बंद पडणार हे गृहीतच धरलेले असे. १९२१ साली ब्रिटिश वायुदलाने कैरो ते बगदाद हा टपालमार्ग आखला, तेव्हा अम्मानच्या पूर्वेकडील वाळवंटात चक्क नांगराने तास ओढून वैमानिकांसाठी खूण तयार केली आणि त्या तासाच्या कडेने ठरावीक अंतरावर उतरण्याची मैदाने निश्चित करून त्यांना अक्षरे दिली. अमेरिकेच्या टपाल खात्यानेही १९२० च्या दशकात आपल्या पूर्व-पश्चिम हवाई मार्गावर दिवे आणि आपत्कालीन मैदाने यांची साखळी उभारली. या साखळ्यांमागील हिशेब सरळ होता. एका इंजिनाचे विमान बिघाडानंतर जितके अंतर तरंगत जाऊ शकेल, तेवढ्यात त्याला जमीन मिळाली पाहिजे. तशी ती मिळण्याची शक्यता वाढविणे हाच मैदानांच्या मांडणीचा उद्देश होता.

भारतात १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानापर्यंत टपाल आणले, ते 'पस मॉथ' जातीच्या एका इंजिनाच्या लहान विमानातून. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी दुसऱ्या पस मॉथमधून बेल्लारीमार्गे मद्रासकडे टपाल नेले. या विमानांत सुमारे १२० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन होते, बिनतारी संदेशाची सोय नव्हती, आणि दख्खनच्या पठारावरून जाताना वैमानिकाची नजर सतत खालच्या जमिनीवर असणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग होता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निरुपयोगी होई, म्हणून टाटांची सेवा त्या महिन्यांत पुण्याच्या येरवडा येथून चालविली जाई. मैदान कोणत्या महिन्यात मैदान राहते आणि कोणत्या महिन्यात राहत नाही, हे हंगामी ज्ञान त्या काळातील विमानचालनाला अपरिहार्य होते. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीच्या संदर्भात या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन इंजिनांची डकोटा विमाने प्रवासी वाहतुकीत आली. एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्याच्या आधारे विमानतळ गाठता येण्याची शक्यता निर्माण झाली आणि वाटेवरच्या आपत्कालीन मैदानांचे महत्त्व ओसरले. तथापि लहान खाजगी विमाने आणि प्रशिक्षण विमाने बहुतांशी एका इंजिनाचीच राहिली. त्यांच्यापुरता १९२१ सालचा हिशेब बदलला नाही. त्यांच्यासाठी असलेली मैदाने मात्र हळूहळू नाहीशी झाली.

निजामी राजवट आणि बिदरची धावपट्टी

आजचा लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातील निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके त्याहीपूर्वी, म्हणजे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, बिदर जिल्ह्यात होते. त्यामुळे या भागाच्या हवाई इतिहासाचा आरंभ शोधताना लातूरपेक्षा बिदरकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

हैदराबाद संस्थानाला विमानांचे वावडे नव्हते. १९४५ साली निजाम स्टेट रेल्वे आणि टाटा यांच्या भागीदारीतून 'डेक्कन एअरवेज' ही कंपनी स्थापन झाली. भारतातील पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रेम माथुर यांना प्रथम नोकरी मिळाली ती याच कंपनीत. पुढे १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. परंतु संस्थानाच्या मराठी भाषक जिल्ह्यांतील सामान्य रयतेच्या अनुभवात विमान आले, ते प्रवासाचे साधन म्हणून नव्हे. १९४८ साली सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून चार इंजिनांच्या लँकॅस्ट्रियन विमानांतून रात्रीच्या वेळी संस्थानात शस्त्रे आणली. ती उतरविण्याच्या ठिकाणांत बिदरचा समावेश होता. ज्या रझाकार संघटनेच्या जोरावर संस्थानाचा अट्टहास चालला होता, तिचा नेता कासीम रझवी हा लातूरमध्ये वकिली करणारा. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत भारतीय वायुदलाने बिदरच्या धावपट्टीवर बाँबफेक केली, तर सोलापूरकडून निघालेले सैन्य उमरग्यावरून पुढे सरकले. निलंगा-उमरगा पट्ट्यातील गावांनी आकाशातील विमान आणि सत्तेचे आगमन यांचा संबंध त्या आठवड्यात प्रत्यक्ष पाहिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

नांदेड १९५८, लातूर १९९१

स्वातंत्र्योत्तर काळात नांदेडची धावपट्टी १९५८ साली सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधली. लातूरची धावपट्टी त्याच विभागाने १९९१ साली पूर्ण केली व ती पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली. या दोन सनांमध्ये तेहतीस वर्षांचे अंतर आहे. या कालखंडातील राजकीय इतिहास पाहिला असता एक गोष्ट लक्षात येते. नांदेडचे शंकरराव चव्हाण १९७५ मध्ये व पुन्हा १९८६ मध्ये मुख्यमंत्री झाले, निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५ मध्ये. नंतरच्या काळात लातूरजवळच्या बाभळगावचे विलासराव देशमुख १९९९ व २००४ मध्ये आणि नांदेडचे अशोक चव्हाण २००८ मध्ये त्या पदावर आले. केंद्रात गृहमंत्री राहिलेले शिवराज पाटील चाकूरकर हेही लातूरचेच. राज्याच्या एका कोपऱ्यातील दोन जिल्ह्यांनी चार मुख्यमंत्री द्यावेत, ही बाब मराठवाड्याच्या मागासलेपणाच्या चर्चेत नेहमी उपरोधाने मांडली जाते. धावपट्ट्यांच्या संदर्भात तिला एक साधा व्यावहारिक अर्थ आहे. मुंबईहून सहाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या मतदारसंघात शासकीय विमान उतरणे ही प्रशासनाची नित्याची गरज बनली होती.

नांदेडच्या विमानतळाचे रूप पालटले ते २००८ साली गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने. धावपट्टीचा विस्तार व नवी इमारत त्या वेळी झाली. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद व यवतमाळ हे पाच विमानतळ एका खाजगी उद्योगसमूहाकडे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेखाली नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली, ती चालविणाऱ्या कंपनीची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. हा सर्व तपशील अन्यत्र विस्ताराने आलेला आहे, म्हणून येथे त्याचा केवळ निर्देश पुरेसा होय. मुद्दा एवढाच की, यांतील कोणत्याही टप्प्यावर या दोन विमानतळांमधल्या व भोवतालच्या भूमीचा विचार सक्तीच्या अवतरणाच्या दृष्टीने झाल्याचे दिसत नाही.

इंजिन थांबल्यानंतरची पाच मिनिटे

लहान विमानाचे इंजिन बंद पडले की ते दगडासारखे खाली येते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या गेलेल्या सेस्ना १५२ या दोन आसनी विमानाचे उदाहरण घेतल्यास, इंजिनाविना ते ताशी सुमारे १११ किलोमीटर वेगाने तरंगत खाली येते आणि वारा नसल्यास प्रत्येक एक किलोमीटर उंचीमागे साधारण नऊ किलोमीटर पुढे जाते. जमिनीपासून हजार मीटर उंचीवर बिघाड झाला तर वैमानिकाच्या हाती पाच मिनिटांच्या आसपास वेळ असतो. तेवढ्यात त्याने योग्य वेग धरायचा, वाऱ्याची दिशा ओळखायची, शेत निवडायचे, इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा, बिनतारी यंत्रावर संदेश द्यायचा आणि शेवटी आग टाळण्यासाठी इंधन व वीज बंद करायची. यांत पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. विमानतळाकडे परत वळण्याच्या मोहात वेग हरवून जे अपघात होतात, ते समोरच्या शेतात सरळ उतरण्यापेक्षा अधिक घातक ठरतात, हे विमानचालनाच्या शिक्षणात प्रारंभापासून सांगितले जाते.

इंजिन बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. इंधन संपणे किंवा त्यात पाणी मिसळणे ही त्यांतील नेहमीची. दख्खनच्या हवामानात एक कारण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. कार्ब्युरेटरच्या अरुंद मार्गातून हवा जाताना आणि पेट्रोलची वाफ होताना तेथील तापमान एकदम खाली येते. बाहेर पंचवीस अंश तापमान असले तरी, पावसाळ्यातील दमट हवेत, कमी शक्तीवर चालणाऱ्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. मराठवाड्यात बर्फामुळे इंजिन बंद पडू शकते हे ऐकणाऱ्यास खरे वाटत नाही, परंतु जुलै-ऑगस्टमधील ढगाळ दिवस त्यास पुरेसे अनुकूल असतात. त्यावरील उपाय, म्हणजे गरम हवा आत घेण्याची कळ, वेळीच ओढली तरच उपयोगी पडतो.

पुणे जिल्ह्यातील एक घटना येथे विचारात घेता येईल. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकट्याने उड्डाण करणाऱ्या प्रशिक्षणार्थी वैमानिकाचे सेस्ना १५२ विमान शक्ती घटल्याने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात उतरवावे लागले. विमान उलटले, वैमानिकास किरकोळ दुखापत झाली. विमान उलटले म्हणून वृत्तपत्रांनी 'कोसळले' असा शब्द वापरला. प्रत्यक्षात भर पावसाळ्यात, मऊ झालेल्या जमिनीत, एकट्या प्रशिक्षणार्थीने स्वतःचा जीव वाचवून केलेले ते अवतरण होते.

याउलट, तरंगण्याची क्षमता कमी असलेल्या विमानात हीच पाच मिनिटे किती आखडतात, हे वायुदलाच्या 'दीपक' या प्रशिक्षण विमानाने दाखविले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनविलेल्या या एका इंजिनाच्या विमानाच्या सतरा अपघातांत एकोणीस वैमानिक मृत्युमुखी पडले. इंधनपुरवठ्यातील दोषामुळे हवेतच इंजिन थांबणे ही त्याची जुनी व्याधी होती. ३१ जुलै २००९ रोजी हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील प्रबोधिनीचे एक विमान मेदक जिल्ह्यात कोसळून दोन वैमानिक दगावल्यानंतर ही विमाने कायमची जमिनीवर आणण्यात आली. मेदक हा बिदरच्या पलीकडचा जिल्हा.

आता भूमीकडे वळू. नांदेड-लातूर परिसरात वैमानिकाला वरून जे सपाट व मोकळे दिसते, त्यातील बरेचसे फसवे असते. भारी काळ्या जमिनीत पावसानंतर चाक रुतते, पुढचे चाक अडकून विमान नाकावर उभे राहते व उलटते. उन्हाळ्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. मांजरा व तेरणेच्या काठचा ऊस वरून हिरव्या गालिच्यासारखा भासला तरी विमान त्यात जागच्या जागी थांबते. सोयाबीनचे दाट पीक तासे आणि दगड झाकून टाकते. लातूर परिसरात १९९० नंतर सोयाबीनचा पसरलेला पेरा पाहता, ऑगस्ट महिन्यात वैमानिकाला निवडीस वाव थोडाच उरतो. लहान धारण क्षेत्रामुळे बांध जवळजवळ असतात; बांधावर बाभळी, बांधाकडेला विहीर आणि विहिरीवर वीजजोड. विजेच्या तारा उंचावरून दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून खांबांची रांग शोधावी असा पाठ दिला जातो. रब्बीची ज्वारी काढून झालेले रान, तासांच्या दिशेने आणि वाऱ्यासमोर उतरता आले तर, त्यातल्या त्यात बरे. बालाघाटाच्या माथ्यावरील मुरमाड माळरान सर्वांत चांगले, पण तेथेही दगडांचे ढीग असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हलकी, निकस ठरलेली जमीन वैमानिकाच्या दृष्टीने उत्तम आणि कसदार जमीन धोक्याची, अशी ही उलटी प्रतवारी आहे.

निलंगा, २५ मे २०१७

तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस 'शिवार संवाद' कार्यक्रमाच्या निमित्ताने लातूर जिल्ह्यात आले होते. निलंगा तालुक्यातील हलगरा येथे त्यांनी श्रमदानात भाग घेतला. परतीसाठी निलंग्याहून शासनाच्या सिकोर्स्की एस-७६ हेलिकॉप्टरने उड्डाण केले, त्यात मुख्यमंत्री, त्यांचे अधिकारी-सहकारी व दोन वैमानिक असे सहा जण होते. काही क्षणांतच हेलिकॉप्टर वर चढण्याऐवजी खाली येऊ लागले, विजेच्या तारांत अडकले व वस्तीलगत उभ्या असलेल्या मालमोटारीजवळ आदळले. सहाही जण बचावले. वाऱ्याच्या बदलामुळे वैमानिकाने पुन्हा उतरण्याचा निर्णय घेतला आणि उतरताना तारा आड आल्या, असे त्या दिवशीच्या प्राथमिक अधिकृत माहितीत सांगण्यात आले. चौकशी केंद्र सरकारच्या विमान अपघात अन्वेषण विभागाकडे गेली.

या हेलिकॉप्टरला दोन इंजिने होती. इंजिनाची संख्या वाढली की सक्तीच्या अवतरणाचा प्रश्न मिटतो, ही जी धारणा डकोटाच्या काळापासून रूढ झाली, तिला निलंग्याने छेद दिला. अपघाताचे तांत्रिक कारण ठरविणे हा तज्ज्ञांचा प्रांत आहे. परंतु मे महिन्याच्या दुपारी मराठवाड्याच्या पठारावर हवेचे काय होते, हे सामान्य पदार्थविज्ञानाने सांगता येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर तापमान ४० अंश असेल, तर हवेची घनता प्रमाण मानलेल्या समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा साधारण १४ टक्क्यांनी कमी असते. पंख्याला तोलण्यासाठी आणि इंजिनाला जाळण्यासाठी जी हवा लागते, ती इतकी विरळ असते की जणू तेच यंत्र साडेसोळाशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून उडत आहे. शिवाय जमिनीलगत पंख्याखाली दाबलेल्या हवेचा जो आधार हेलिकॉप्टरला मिळतो, तो काही मीटर वर गेल्यावर संपतो आणि त्याच क्षणी अधिक शक्ती लागते. मोकळ्या जागेत अशा वेळी पुढे सरकत वेग घेता येतो. भोवती घरे, झाडे आणि तारा असतील तर सरळ वरच चढावे लागते.

म्हणून निलंग्याच्या अपघातातील ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाची बाब म्हणजे जागा. तालुक्याच्या गावी मंत्र्यांसाठी जे तात्पुरते हेलिपॅड तयार होते, ते शाळा-महाविद्यालयाचे पटांगण किंवा गावालगतचे मैदान असते. त्याची निवड सभास्थानापासूनचे अंतर, बंदोबस्त आणि वाहनांची सोय पाहून होते. पाणी मारून धूळ बसविली जाते, चुन्याने वर्तुळ आखले जाते. वर चढताना शक्ती कमी पडली तर खाली येण्यास दुसरी जागा कोणती, हा विचार त्या निवडीत मागे पडतो, कारण येथे जागा निवडण्याची दृष्टी आगमनाची आहे. नांदेडहून नव्या विमानसेवेचा प्रारंभ होऊन जेमतेम चार आठवडे झाले होते. त्या प्रारंभाचे स्वागत करणाऱ्या वृत्तपत्रांनी निलंग्याच्या बातमीत मुख्यमंत्री कसे बचावले याचे सविस्तर वर्णन केले. ज्या वस्तीलगत हेलिकॉप्टर पडले, तिच्या वाट्याला त्यातील फार थोड्या ओळी आल्या.

शेत, पंचनामा आणि कायदा

भारतीय विमान अधिनियम, १९३४ च्या सतराव्या कलमाने जमीनमालकाचा एक जुना हक्क मर्यादित केला. वारा, हवामान व परिस्थिती पाहता वाजवी ठरेल अशा उंचीवरून विमान गेल्यास, केवळ त्या कारणावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा लावता येणार नाही, असे ते कलम होते. हा अधिनियम आता इतिहासजमा झाला असून १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे. जुन्या कलमाची भाषा जमिनीवरून उडण्यापुरती होती. विमान जमिनीवर उतरून पीक, बांध किंवा विहिरीवरील पंप यांचे नुकसान करते, तेव्हा भरपाईसाठी शेतकऱ्याला सर्वसाधारण दिवाणी कायद्याकडेच पाहावे लागते, आणि त्यासाठी लागणारा वेळ व खर्च कोणत्याही अध्यापकाला आपल्या ग्रामीण विद्यार्थ्यांच्या घरच्या अनुभवावरून ठाऊक आहे.

त्याहून निकडीची अडचण वेगळी असते. अपघातग्रस्त विमान सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हलविता येत नाही, कारण प्रत्येक अवशेष हा चौकशीचा पुरावा असतो. हा नियम योग्यच आहे. मात्र त्याचा अर्थ असा की, पोलीस येतात, शेताभोवती पहारा बसतो, बघ्यांच्या गर्दीने उरलेले पीक तुडविले जाते आणि दिल्लीहून किंवा मुंबईहून अधिकारी येईपर्यंत त्या रानात औत चालत नाही. जून-जुलैत हे घडले तर मधल्या काळात वाफसा निघून गेलेला असतो.